आबांच्या इंग्रजी पेट्या आणि आईचा दसरा

सोलापुरात परदेशी माणूस आला तर तो माळढोक बघायला येतो, नाहीतर एखाद्या कारखान्यात यंत्र बसवायला येतो. पण अमेरिकेतला माणूस नुसती एक रेकॉर्ड ऐकायला येतो, आणि तोही थेट जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी, असं आजवर झालं नव्हतं. ते यंदा झालं! आणि त्याच्या स्वागताची सगळी योजना या अभिमन्यूची, म्हणजे माझी होती. योजना इतकी पक्की होती, की त्या आठवड्यात ऑफिसात साहेबांनासुद्धा मी न विचारता सल्ले देत होतो.

आधी आबांबद्दल सांगतो. आमचे आबा, म्हणजे माझे वडील रामहरी, मूळचे टेंभुर्णीकडचे. शेती थोरल्या भावाकडे सोपवून सोलापूरला आले आणि जन्मभर एका डॉक्टरांची गाडी चालवली. डॉक्टर विलायतेत शिकलेले. येताना त्यांनी तिकडून 'हॅरोबी' नावाचे दोन लाकडी स्पीकर आणले होते. रविवारी दवाखाना बंद असला की डॉक्टर सनईची रेकॉर्ड लावायचे आणि आबांना शेजारच्या खुर्चीत बसवायचे. शेजारच्या खुर्चीत, खाली नाही, हे आबा अजूनही प्रत्येकाला सांगतात. शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी ते स्पीकर, रेकॉर्डप्लेयर, सगळं आबांच्या हवाली केलं. डॉक्टरांच्या मुलांना त्यातलं काही नको होतं.

तसं आमच्या घरातही कुणाला हवं होतं असं नाही. आई त्या पेट्यांना 'सवती' म्हणायची. दोन होत्या ना, म्हणून अनेकवचन!

आबांना अलीकडे कमी ऐकू येतं. त्यांचं म्हणणं असं, की लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. तरी रोज संध्याकाळी ते रेकॉर्ड लावतात, डोळे मिटतात आणि एका पेटीवर पंजा ठेवून बसतात, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. शेतकऱ्याच्या हाताची सवय, दुसरं काय, असं आम्ही समजत होतो.

गणपतीत माझा चुलतभाऊ अमृत अमेरिकेतून आला होता. तो तिकडे ओहायोत नोकरी करतो. जाताना त्याने आबांचा पेट्यांसकट फोटो काढला. परत गेल्यावर आठवडाभरात त्याचा फोन!

"दादा, आबांच्या पेट्या भंगारात तर न्हाय ना घातल्या?"

"का रे?"

"हितं लोक येडे झालेत फोटो बघून!"

मग अमृतने सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. हॅरोबी म्हणजे इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं छोटंसं वर्कशॉप. कधीच बंद पडलं. इंग्रज विसरूनही गेले. पण अमेरिकेत या पेट्यांचे भक्त आहेत, भक्त! त्यांची मंडळं आहेत. कुणाच्या तरी तळघरात जमतात, ओळीने बसतात, रेकॉर्ड संपेपर्यंत कुणी चकार शब्द काढत नाही. मग केक खातात आणि घरी जातात. म्हणजे भजनी मंडळच, फक्त टाळ नाहीत!

अमृतच्या ओळखीचे वॉल्टर नावाचे एक गृहस्थ, वय सत्तरीच्या पुढे, याच मंडळातले. त्यांची लेक हैदराबादला असते. ते तिच्याकडे येणारच होते. आता ते हटून बसले होते, की सोलापूरची जोडी ऐकल्याशिवाय परत जाणार नाही.

मी आबांच्या कानाशी ओरडून ही बातमी सांगितली.

"माज्या पेट्या ऐकायला? अमेरिकेवनं?"

"व्हय आबा!"

"डाक्टर पायजे हुते रं आज," एवढंच म्हणाले आणि दाढी करायला निघून गेले. येताना गल्लीतल्या प्रत्येक दारात ते थांबले. जन्मभर दुसऱ्यासाठी गाडीचं दार उघडणाऱ्या माणसाकडे पहिल्यांदाच कुणी तरी स्वतःहून येत होतं. त्यांची चालसुद्धा बदलली.

दुसऱ्या दिवशी ते भावाला आमंत्रण द्यायला टेंभुर्णीला गेले. आणि मी ऑफिसला निघताना चप्पल घालता घालता आईला हुकूम सोडला, "आई, घर असं लख्ख पाहिजे की पाहुण्याला फरशीत तोंड दिसलं पाहिजे! एक वस्तू सोडू नकोस! आबांच्या पेट्यांसकट सगळं!"

आता यात माझं काय चुकलं? चुकली ती वेळ. घट बसायला थोडे दिवस उरले होते. घट बसायच्या आधी घरातलं सगळं धुऊन काढायचं, गोधड्यांपासून बरण्यांपर्यंत. याला आमच्याकडे दसरा काढणं म्हणतात. दसरा काढताना पुसलेलं चालत नाही. पाणी लागलंच पाहिजे.

संध्याकाळी घरी आलो तर गच्चीवर गोधड्या, चादरी, सतरंज्या वाळत होत्या. त्यांच्याखाली पितळेचे डबे, त्यांच्यापुढे लोणच्याच्या बरण्या, आणि बरण्यांच्या ओळीत, पालथ्या घालून निथळत ठेवलेल्या, दोन हॅरोबी!

मी चपलांसकट पेट्यांकडे धावलो. आईच्या मदतीला आलेली सोजरबाई मात्र खूश होती.

"दादा, लई मळ निगाला! पयलं पानी तर च्यावानी! फडकी काडून साबणात भिजवली, आतनं बी बरस मारला."

"आत काय होतं?" मी कसंबसं विचारलं.

"आत काय न्हाय. कागदाच्या दोन वाट्या हुत्या. त्या घासताना इरल्या."

मी पेटी सरळ केली. आत आवाज काढणारा कागदाचा जो पडदा असतो, तो ओला लगदा होऊन तळाशी बसला होता.

"आई! काय केलंस हे!"

"तूच म्हनलास की, पेट्यांसकट!" आई म्हणाली. आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला कळलं. ती तिथेच ओल्या गच्चीवर बसली. मला वाटलं, ती पाहुण्याचा विचार करतेय. तसं नव्हतं.

"जल्मभर सवती म्हनलं मी ह्यास्नी," ती हळूच म्हणाली. "त्यास्नी वाटंल, डाव साधला. मुद्दाम केलं."

"आबांना असं वाटेल?"

"तोंडानं म्हननार न्हाईत. पर वाटंल."

सोजरबाईनेही मग ब्रश खाली ठेवला. आईला मी असं कधी पाहिलं नव्हतं. ओरडल्याबद्दल माझं मलाच वाईट वाटलं.

पण योजना आखणारा माणूस स्वस्थ बसतो का? मी गुंड्याला फोन लावला. गुंडा माझा शाळासोबती. मंडप आणि स्पीकर भाड्याने देतो. त्याने आत डोकावून पाहिलं.

"काय बे हे? धपाट्याचं पीठ भिजवलंय का?"

"दुरुस्त होईल?"

"ह्ये न्हाय व्हायचं. दुसरं बसवावं लागतंय. मेव्हन्याच्या रिक्षातले बसतील की! जोडभावी पेठेत त्याच्या रिक्षाएवढा आवाज कुनाचा न्हाय!"

"अरे, इंग्लंडच्या पेटीत रिक्षाचे स्पीकर?"

"मग? वरनं कापड लावलं की कोन बघतंय?"

दुसरा उपाय नव्हता. पेट्या उन्हात खडखडीत वाळवल्या आणि गुंड्याने रिक्षाचे स्पीकर आत बसवले. चाचणी घेतली तर फळीवरची भांडी नाचायला लागली! गुंडा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "इंग्रजापेक्षा भारी!" आईने कानावर हात ठेवले, पण तिच्या जिवात जीव आला.

मग आबा टेंभुर्णीहून परत आले. पेट्यांकडे बघून म्हणाले, "लई चकाकत्यात." रेकॉर्ड लावायला निघाले तर मी आडवा आलो. "पाहुण्यासमोरच सुरुवात होऊ दे आबा!" त्यांना ते पटलं. पाहुणा येईपर्यंत त्यांनी पेट्यांना हात लावला नाही. आई मात्र आत देवापुढे बसून होती.

नवरात्र संपता संपता वॉल्टर आले. उंच, वाकलेले, डोक्यावर टोपी. शेंगाची चटणी खाऊन डोळ्यांत पाणी आलं तरी परत मागितली. माझी बायको वैजयंती शाळेत इंग्रजी शिकवते, ती दोघांमध्ये दुभाषी. माझं इंग्रजी ऑफिसच्या टिपणीपुरतं!

"हे काय काम करत हुते?" आबांनी विचारलं.

वैजयंतीने विचारलं आणि आबांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं, "आबा, शाळेची बस चालवायचे!"

आबा उठून उभे राहिले. "डायवर?"

"डायवर!"

दोघांनी एकमेकांचा हात धरला तो बराच वेळ सोडलाच नाही. वॉल्टर म्हणाले, "दिवसभर मागे पोरांचा दंगा. घरी आलं की या पेट्या हळू आवाजात बोलायच्या. आमच्याकडे सगळंच मोठ्यानं बोलतं. म्हणून तर आम्ही हॅरोबीच्या मागे लागलो." वैजयंतीने ते सांगितल्यावर आबा म्हणाले, "डाक्टर बी हेच म्हनायचे."

मग आबांनी रेकॉर्ड लावली, खुर्चीत बसले. वॉल्टरना त्यांनी शेजारच्या खुर्चीत बसवलं. डोळे मिटले आणि पेटीवर पंजा ठेवला.

सनई सुरू झाली. म्हणजे, लग्नाच्या वरातीतली रिक्षा दारावरून गेली तर जशी येईल तशी आली! वॉल्टरच्या भुवया वर चढल्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पंख्याकडे पाहिलं.

तेवढ्यात आबांचा हात तव्याला लागावा तसा पेटीवरून उचलला गेला. त्यांनी डोळे उघडले. पंजा पुन्हा ठेवला, दाबून ठेवला. पेटीच्या समोरच्या कापडाकडे पाहिलं. ते धुऊन फिकं पडलं होतं. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे आई पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी होती. आबांनी पुन्हा डोळे मिटले आणि रेकॉर्ड संपेपर्यंत हात हलवला नाही.

वॉल्टरही आता त्या हाताकडेच बघत होते. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आबांना सनई ऐकू येतच नव्हती. कैक वर्षं येत नसणार. ते हाताने ऐकत होते. एका घरात राहून आम्हाला हे कळलं नव्हतं, आणि ओहायोहून आलेल्या माणसाला एका रेकॉर्डीत कळलं. मला फार लाज वाटली.

रेकॉर्ड संपली.

"सुंदर," वॉल्टर म्हणाले.

"बरं वाजलं," आबा म्हणाले.

वॉल्टरना सोडायला मी आणि वैजयंती स्टेशनवर गेलो. गाडीत चढताना त्यांनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं. पेट्यांच्या आत काय घडलंय ते त्यांनी विचारलं, वैजयंतीने लपवाछपवी न करता सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या वडिलांना सांगू नका. त्यांना कळलेलं नाही."

घरी आलो तर आबा ओट्यावर माझी वाट बघत बसले होते.

"त्या पावन्याला काय सांगू नगंस," ते म्हणाले. "बिचारा इतक्या लांबनं आला, खूश हून गेला."

"काय सांगू नको आबा?" मी कानाशी वाकून मोठ्याने विचारलं.

"रिक्षाचं."

मी गार पडलो!

"जल्मभर गाड्या चालवल्या. रिक्षा कळत न्हाय व्हय मला?" त्यांनी स्वतःच्या पंजाकडे पाहिलं. "आन् तुज्या आयला तर आजाबात सांगू नगंस. नवरात्रात जेवली न्हाय ती धड."

"आबा, तिनं मुद्दाम नाही..."

"मला ठावं हाय की!" आबा चिडले. "माजी बायकू हाय ती!"

दिवाळी झाली आणि अमृतकडून एक खोकं आलं. वॉल्टरच्या भजनी मंडळातल्या कुणाकडे तरी हॅरोबीचे मूळ पडदे जपून ठेवलेले होते. सगळ्या मंडळाने मिळून ते सोलापूरला पाठवून दिले होते. गुंड्याने ते बसवले. रिक्षाचे स्पीकर परत नेताना त्याला वाईट वाटलं. "आवाज कमी झाला बे," असं दोनदा म्हणाला.

आबांनी रेकॉर्ड लावली. खुर्चीत बसले, पंजा ठेवला. सनई अगदी हलकेच आली. आबांचा चेहरा सैल पडला. खांदे खाली आले. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. आई दारात उभी होती, रोजच्यासारखी धास्तावलेली.

"आगं ए," आबा मोठ्याने म्हणाले. "तू धुतल्यापासनं आवाज कसला सुटलाय बग! इतके दिस वल्या हुत्या, आता वाळल्या. डाक्टरास्नी कदी सुचलं न्हाय हे!"

आईचा हात पदराकडे गेला. "तुमास्नी... तुमास्नी म्हाईत हुतं?"

आबांना अशा वेळी अजिबात ऐकू येत नाही. ते डोळे मिटून बसून राहिले. आईने भिंतीला टेकून पोटभर रडून घेतलं. वैजयंतीही रडली. मी रडलो नाही, मला सर्दी झाली होती.

मग आईने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि पुढे होऊन पेटीवरून मायेनं हात फिरवला. पहिल्यांदाच.

"एवडा गुन आला म्हनता," ती म्हणाली, "तर फुडल्या दसऱ्याला गरम पान्यानं धुते की!"

आबांना हे खरंच ऐकू आलं नाही. मला आलं! ऑफिसात सल्ले देणं मी बंद केलंय. पुढच्या दसऱ्याची रजा मात्र आत्ताच टाकून ठेवलीय. घट बसेपर्यंत मी त्या दोन पेट्यांवर बसून राहणार आहे, एकदा हिच्यावर, एकदा तिच्यावर!