पाचशे बोरची रायफल आणि वस्ताद नावाचा एडका

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या सासुरवाडीत मी सोडून प्रत्येक पुरुष फौजेत होता किंवा आहे. सासरे सुभेदार, चुलतसासरे हवालदार, साडू वीरधवल तर अठरा वर्षं काश्मीर ते नागालँड हिंडून आलेला. आणि मी? मी आष्ट्यात ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतो! भरतीला मीही गेलो होतो, पण ऐन मापाच्या वेळी छातीनं फुगायला नकार दिला. तेव्हापासून साताऱ्याला गेलं की गडीमाणसं सीमेवरच्या गोष्टी सांगतात आणि मला कोथिंबीर निवडायला देतात. म्हणून त्या रविवारी हत्यारांचा विषय निघाला, तेव्हा मी ठरवलं, आज यांना दाखवूनच द्यायचं!

माझे सासरे जोतीराम आबा यांच्याकडे परवान्याची दोन हत्यारं. एक साधी बारा बोरची बंदूक. दुसरी आबांच्या वडिलांना कुण्या जहागीरदारानं बक्षीस दिलेली पाचशे बोरची रायफल. गव्याच्या शिकारीची! शिकार बंद होऊन पन्नास वर्षं झाली, त्यामुळे तिला आता वर्षातून एकच काम, दसऱ्याला झेंडूची माळ घालून पाटावर पडून राहायचं. पण काडतूस बघाल तर चांगलं गाजराएवढं!

"मला ऐंशी लागलं," आबा म्हणाले. "परवाना वारसाच्या नावावर केला न्हाई तर दोन्ही हत्यारं सरकारजमा. पोरगा मला न्हाई. दोन हत्यारं, दोन जावई. निवडा."

वीरधवलनं रायफल उचलली, काडतूस हातात घेऊन पाहिलं, रायफल अलगद खाली ठेवली आणि मुकाट्यानं बारा बोर घेतली. मला मनातल्या मनात हसू फुटलं. अठरा वर्षांची फौज, आणि उचलली काय तर डुकरं हाकायची बंदूक!

"आबा, मोठी माझी!" मी म्हणालो.

आतल्या भाकरी थापायच्या बंद झाल्या.

"जावईबापू, हिचा दणका म्हंजे एडक्याची धडक हाय," आबा म्हणाले. "भलंभलं उताणं झाल्यात."

"होऊ देत की!"

"मग पंधरा दिसांनी रेंजवर या. एक बार काढायचा. तुमी पडला तरी चालंल, रायफल भुईला लागता कामा न्हाई. माझ्या बापाची हाय ती. जो तिला सांभाळंल त्येच्याच घरात जाईल. न्हाईतर मी सोताच्या हातानं ठाण्यात जमा करीन." हे बोलताना म्हाताऱ्यानं रायफलीवरून हात फिरवला आणि मला पहिल्यांदा थोडी भीती वाटली. पण शब्द तोंडातून गेला होता!

परतीच्या वाटेवर माझी बायको संयोगिता कऱ्हाडपर्यंत नुसती माझे दंड न्याहाळत होती. मग म्हणाली, "आवं, तुमाला गॅसची टाकी उचलंना."

"टाकी वेगळी, रायफल वेगळी!"

"व्हय. टाकी धडक मारत न्हाई."

आता माझं डोकं म्हणजे धंदेवाल्याचं डोकं. मी हिशेब मांडला. रायफलीचा दणका म्हणजे एडक्याची धडक. मग एडक्याची धडक पचवली की रायफल आपोआप पचली! आणि एडका मला कमी नव्हता. जतकडचा माझा मित्र बिराप्पा दरवर्षी आमच्या भागात तुटलेल्या उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला येतो. त्याच्या कळपात वस्ताद नावाचा एक एडका होता. पन्नास किलो वजन, दोन वेटोळी शिंगं आणि जगाविषयी कायमची तक्रार.

"बिराप्पा, ह्यो मला धडकला पाहिजे."

बिराप्पानं तंबाखू मळायची थांबवली. "घरात समदं बरं हाय न्हवं?"

मी सगळं समजावलं. त्याला पटलं असं नाही, पण मित्रासाठी माणूस काय करत नाही! खांद्यावर गोधडीची चौपदरी घडी, हातात रायफल म्हणून दुकानातला पीव्हीसीचा पाइप, आणि मी "फायर!" म्हणालो की बिराप्पानं वस्तादला सोडायचं, असं ठरलं.

"फायर!"

डोळे उघडले तेव्हा मी सरीत होतो आणि पाइप शेजाऱ्याच्या रानात.

"रायफल पडली गड्या," बिराप्पानं कळवलं.

तीन दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी बिराप्पालाच दया आली. "तुजं चुकतंय कुठं सांगू? तू मागं झुकतुयास. धडक यायच्या आदी आपुन फुडं जायाचं. आंगच झोकून द्यायाचं! वस्तादला वाटलं पायजे, ह्यो बी एडकाच हाय."

काय सांगू, जादूच झाली! "फायर!" म्हणायचं आणि सगळं अंग पुढं झोकायचं. सहाव्या दिवशी मी फक्त गुडघ्यावर आलो. दहाव्या दिवशी तर उभाच राहिलो! वस्ताद दोन पावलं मागं सरकला, माझ्याकडं बघितलं आणि चरायला निघून गेला. बिराप्पानं आपलं मुंडासं काढून माझ्या डोक्यावर ठेवलं.

खांद्याचं मात्र वांगं झालं होतं. रंगानं आणि आकारानंसुद्धा!

ते संयोगितानं बघितलं. "कुणी मारलं तुमाला?"

सराव गुपचूप चालला होता. साताऱ्यात कळलं असतं तर जन्मभर कोथिंबीरच! "दुकानात पडलो," मी म्हणालो.

"रोज पडताय? कालचा वळ हिरवा हाय, आजचा निळा!"

तिनं थोरल्या बहिणीला, विजयमालाला, फोन केला. विजयमालानं वीरधवलला सांगितलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या सासुरवाडीत खबर गेली की आष्ट्यात आपल्या जावयाला कोणीतरी रोज नेमानं बदडतंय आणि तो भीतीनं नाव सांगत नाही! फौजी खानदान ते. दुसऱ्या दिवशी सकाळी वीरधवल, चुलतसासरे आणि त्यांच्या पलटणीतले दोन निवृत्त जवान काठ्या घेऊन जीपमधून थेट माझ्या मागावर बिराप्पाच्या तळावर उतरले.

त्यांनी काय पाहिलं? मी खांद्याला गोधडी बांधून, पाइपनं नेम धरून, "फायर!" म्हणून ओरडतोय आणि समोरून वस्ताद येतोय. धाड!

मग वीरधवलनं काठी खाली ठेवली. "साडूभाऊ, दुश्मन ह्योच का?"

काठ्या बघून ऐन वेळी माझा तोल गेला होता. मी सरीतूनच मान हलवली.

ही बातमी आबांना फोनवर कळवण्यात आली. त्यांनी एवढंच विचारलं म्हणे, "एडका केवढा हाय?"

ठरलेला रविवार उजाडला. साताऱ्याबाहेर डोंगराच्या पायथ्याची रेंज, परवानगी रीतसर काढलेली, आणि सगळी सासुरवाडी जेवणाचे डबे घेऊन हजर! हळदीचा लेप लावलेला खांदा ठणकत होता, पण मी ताठ उभा राहिलो. आबांनी पेटी उघडली, स्वतः काडतूस भरलं आणि रायफल दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. त्या क्षणी मला खरंच वाटलं, देवा, माझी लाज गेली तरी चालेल, पण या म्हाताऱ्याच्या बापाची रायफल ठाण्यात जाऊ देऊ नको.

मी दस्ता खांद्यात रुतवला. पाय रोवले. संयोगिता माझ्या डाव्या अंगाला उभी.

"फायर!" आबा गरजले.

मी घोडा दाबला आणि बिराप्पाचं स्मरण करून सगळं अंग पुढं झोकून दिलं.

टिक्.

बस्स, टिक्! बार नाही, धूर नाही, दणका नाही! आणि माझं अंग तर केव्हाच निघालेलं! वाळूच्या पोत्यांवरून कोलांटी घेऊन मी तोंडावर आपटलो. खांद्यात कट्कन आवाज झाला. दहा दिवसांत एडक्याला जे जमलं नाही, ते न उडालेल्या गोळीनं केलं!

"रायफल!" चार-पाच जण एकदम ओरडले. माझं नाव कोणीच घेतलं नाही.

रायफल संयोगितानं वरच्यावर झेलली होती.

आबांनी काडतूस काढून दाखवलं. "मोकळं हाय. नव्या रंगरुटाला आमी पयलं ह्येच देतो. दणक्याला भिऊन आदीच कोण हलतंय ते कळतं. मागं पडल्यालं लय बघितलं, पर फुडं पडल्याला गडी मी उभ्या जन्मात बघितला न्हवता!"

मी मातीत पडूनच म्हणालो, "आबा, मग आता रायफल..."

आबांनी मान खाली घातली. "तुमच्या हातनं सुटलीच की ती. शब्द म्हंजे शब्द. उद्या ठाण्यात."

तेवढ्यात संयोगिता म्हणाली, "आबा, खरं काडतूस द्या." रायफल अजून तिच्याच हातात होती. तिनं साडीचा पदर खोचला, दस्ता खांद्याला लावला आणि एक श्वास सोडला.

धडाम्! डोंगरावरचे सगळे कावळे उडाले. माझ्या तोंडात पुन्हा माती गेली. धूर विरला तेव्हा संयोगिता अर्धं पाऊल मागं सरून उभी होती. रायफल खांद्याला तशीच, आणि समोरच्या नेमाच्या पाटीला मधोमध भोक! तिनं खांदा चोळला.

"आबा, दुसरं हाय का?"

आबा रडायला लागले. अगदी पोरासारखे! "एवढी वर्सं मी जावयात वारस हुडकतोय," ते म्हणाले, "आन् माझी वाघीण घरातच!" डोळ्यांत पाणी माझ्याही आलं. निम्मं खांद्यामुळं असेल, पण निम्मं नक्कीच अभिमानाचं होतं.

गेल्या आठवड्यात परवान्याच्या कामाला आम्ही दोघं कचेरीत गेलो. माझा हात गळ्यात. टेबलावरच्या साहेबांनी फाईल बघितली, मग माझा हात बघितला आणि त्यांचे डोळेच मोठे झाले.

"पाचशे बोरचा दणका वाटतं?"

आता मंडळी, तुम्हीच सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? मी जरासा खोकलो आणि म्हणालो, "असायचंच."

साहेब उठले. खुर्ची पुढं केली, पंखा माझ्याकडं वळवला, शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून घेतलं. चहा आला. मी पाय कसे रोवायचे, दस्ता कसा धरायचा, सगळं पाच मिनिटं सांगितलं. संयोगिता शांतपणे चहा पीत होती.

"घ्या दादा," साहेबांनी मोठ्या आदरानं कागद माझ्यापुढं सरकवला. "अर्जदारानं हितं सही करायची."

संयोगितानं कागद आपल्याकडं ओढला आणि झोकात सही ठोकली.

साहेबांनी सही बघितली, तिच्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं बघितलं. "मग तुमी कोण?"

फाईलमध्ये आणखी एक कागद होता, घरातल्या बाकीच्यांनी आपली काही तक्रार नाही म्हणून सही करायचा. मी डाव्या हातात पेन घेतलं.

"मी ना-हरकत," मी म्हणालो.