तीन बीप

पत्रिका छापायला द्यायची, त्याच सकाळी दादूचा सत्तावीस वर्षांचा कॉम्प्युटर रुसला. बटण दाबलं की तीन बीप, आणि मग गप्प. दादूच्या लेकीच्या लग्नातल्या बेचाळीस निमंत्रकांची यादी त्या डब्यातच होती.

दिवाळे गावात एक वेळ नवरदेवाचं नाव चुकलं तर चालेल, भाऊबंदांचा क्रम चुकून चालत नाही. मागे पदूकाकाचं नाव एक ओळ खाली गेलं, तर त्याने सात वर्षं दादूच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. शेवटी तीन बैठका होऊन क्रम ठरला आणि दादूने तो कॉम्प्युटरमध्ये ठेवून दिला. जुन्या पत्रिका होत्या, पण त्याच्या बायकोने, कमळीने, त्यांत सुकट बांधून कधीच विकली होती.

नवरी मुलगी मिताली महाप्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत होती. तिने डबा उघडला. आत खाडीच्या हवेचा गंज आणि दर दसऱ्याच्या पूजेच्या अक्षता. तिने ब्रशने सगळं झाडलं, मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली, परत बसवली. पुन्हा तीन बीप. मेमरीच गेली आहे, तसलीच दुसरी जुनी पट्टी शोधावी लागेल, असं ती म्हणाली.

तेवढ्यात पदूकाका दारात. आपला नंबर कितवा, ते कॉम्प्युटरलाच विचार म्हणून बसला. नाही म्हणायची दादूची छाती झाली नाही. त्याने बटण दाबलं.

पदूकाकाने बोटांवर मोजलं. "तीन. म्हंजे मी तिसरा."

पहिलं नाव देवाचं, दुसरं कैलासवासी आजोबांचं. तिसरा म्हणजे हयात माणसांत पहिला. पदूकाका छाती काढून जेट्टीवर गेला आणि तासाभरात दादूच्या अंगणात रांग लागली. संध्याकाळपर्यंत चाळीसच्या चाळीस भाऊबंद तिसरे झाले.

दादू डोकं धरून बसला. मिताली म्हणाली, पत्रिका आता मशीनवर हव्या तशा निघतात, चाळीस घरांना चाळीस वेगळ्या काढू.

"आनि एकमेकांच्या बघितल्या तर?"

"आपलं नाव वाचल्यावर फुडं कोन वाचतो?" कमळी म्हणाली.

तिचं खरं ठरलं. हळदीला चाळीसही घरं आली, हसतखेळत जेवली. इतकी गोडीगुलाबी दादूने जन्मात पाहिली नव्हती. त्याचे डोळे भरून आले.

हळदीच्या अंगाने मिताली आतून आली आणि त्याच्या कानाशी लागली. "पप्पा, ऑफिसातून जुनी पट्टी मिळाली. कॉम्प्युटर चालू झाला. यादी आली. खरा तिसरा कोन, सांगू?"

दादूने मांडवात पाहिलं. पदूकाका भाऊबंदांतल्याच हसूरामला आग्रहाने कोलंबी वाढत होता.

"बंद कर," दादू म्हणाला. "आनि ती पट्टी काढून कपाटात ठेव. तुझ्या भावाचं लगीन हाय अजून."