सहाव्या प्रकरणाचे अश्रू

"वाचनात माझा हात धरणारा एक माणूस दाखवा, आजपासून वाचन सोडतो!" असं वाचस्पती छाती ठोकून सांगायचा. सोडायला आधी धरलेलं असावं लागतं, पण ते त्याला सांगणार कोण?

वाचस्पती हे नाव त्याला पाणीपुरवठा कचेरीतल्या मंडळींनी ठेवलेलं. कचेरीत प्यायच्या पाण्याच्या टाकीशेजारी एक फळा होता. दर पहिल्या तारखेला हा त्यावर खडूनं लिहायचा, 'या महिन्यात मी वाचलेलं'. खाली पाच-सहा पुस्तकांची नावं, प्रत्येकापुढे एका ओळीचा अभिप्राय. लोक पाणी प्यायला यायचे आणि मान खाली घालून जायचे!

पुस्तकं मात्र खरीच होती हो. घरात पलंगाखाली पुस्तकं, शिवणयंत्रावर पुस्तकं, कपाटातून तर शर्टांची हकालपट्टी झालेली. फक्त वाचायचं तेवढं राहून जायचं. तो मागचं कव्हर वाचायचा, अनुक्रमणिका वाचायचा आणि अभिप्राय ठोकून द्यायचा. आजवर कधी पकडला गेला नव्हता.

आणि मग सासऱ्यांनी पुस्तक लिहिलं.

सासरे घड्याळजी. उभं आयुष्य डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आणि निवृत्त झाल्यावर आठवणी लिहून पन्नास प्रती छापून घेतल्या. लेक-जावयाला मिळून एक प्रत दिली. बायकोनं हात पुढे केला, तर वाचस्पतीनं ती वरच्यावर झेलली. "आधी मी! माझं वाचून झालं की तू!"

महिनाभर ती विचारत होती, "झालं का हो वाचून?"

"असं भराभर वाचायचं पुस्तक नाही ते. रवंथ करतोय."

पुस्तक कुठल्या ढिगात गेलं, हे त्याचं त्यालाही आठवत नव्हतं. पुस्तक कसं वाटलं, हे विचारायला सासऱ्यांचा फोन आला तेव्हा त्याला आठवली फक्त अनुक्रमणिका. सहावं प्रकरण, 'किल्ली', पान एक्याऐंशी ते शहाण्णव. हे सासूबाईंवरचं असणार, एवढं ओळखण्याइतका तो हुशार होता. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. दुकानातल्या सगळ्या घड्याळांना रोज सकाळी त्याच किल्ली द्यायच्या.

"बाबा, सहावं प्रकरण! काय लिहिलंय हो! मी ढसाढसा रडलो. पान ओलं झालं, बाबा!"

पलीकडून सासऱ्यांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला.

पुढच्या रविवारी सकाळी दारात सासरे हजर! सोबत छापखानेवाला, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"जावईबापू, वाचवलंत मला!" सासऱ्यांनी त्याला मिठीच मारली. "अहो, याच्या छापखान्यात घोटाळा झाला. सहाव्या प्रकरणाची सोळाच्या सोळा पानं कोरी! माझ्या हस्तलिखिताची वही याच्याकडून रद्दीत गेली, आणि कॉम्प्युटरनंही मान टाकली. मी एकेकाला फोन करून प्रती उघडायला लावल्या. एकूण एक कोऱ्या! मग एकदम आठवलं, आमचे जावई ते वाचून रडलेत! म्हणजे तुमचीच प्रत तेवढी छापली गेलीय!"

वाचस्पती मिठीतून सुटून दोन पावलं मागे सरकला.

"म्हणजे आईचं प्रकरण आपल्याकडे आहे?" बायको धावत बाहेर आली. "आणा ना हो लवकर!"

"ते... मी कचेरीत एकाला वाचायला दिलंय."

"परवा तर म्हणालात, ते पुस्तक घराबाहेर जाऊ देणार नाही!"

आता आलिया भोगासी! शोधाशोध सुरू झाली. पलंगाखाली नाही, कपाटात नाही. शेवटी बायकोलाच शिवणयंत्रावरच्या ढिगाच्या तळाशी ते दिसलं. "थांब, थांब, मी काढतो!" म्हणत वाचस्पतीनं ते खेचलं आणि अख्खा ढीग धडाधड छापखानेवाल्याच्या पायावर!

तो बिचारा पाय चोळत एकेक पुस्तक उचलू लागला. धंद्याची सवय! "कमाल आहे! एवढी पुस्तकं, पण एकाचाही कणा मोडलेला नाही. जशी बांधली तशीच. साहेब, ही उघडता तरी का?"

सासऱ्यांनी पुस्तक हातात घेतलं. पान ऐंशी. पुढचं पान उलटलं. कोरं. त्यापुढचंही कोरं. सोळाही पानं कोरी.

म्हाताऱ्यानं खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि ती पानं एकेक करून उजेडात धरून पाहिली. अक्षरं शोधत असतील, असं वाचस्पतीला वाटलं.

"डाग नाही," सासरे हळूच म्हणाले. "पाण्याचा एकही डाग नाही."

वाचस्पतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं वाटलं. "बाबा, चुकलो," एवढंच तोंडातून निघालं. बायकोनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं टेबलावर कोरी वही आणि पेन आपटलं.

"बाबा, तुम्ही आठवेल तसं सांगा. हे लिहितील. एक ओळसुद्धा गाळायची नाही!"

सासऱ्यांनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. वाचस्पती खाली मान घालून लिहीत राहिला. तिसऱ्या पानावर ती सकाळ आली. सासूबाई गेल्याच्या दुसऱ्या दिवशीची. घड्याळं एकामागून एक बंद पडत गेली, आणि किल्ली कुठे ठेवलेली असते, तेही या घड्याळजीला माहीत नव्हतं.

वाचस्पतीचं पेन थांबलं. अक्षरं दिसेनात. टपकन एक थेंब वहीवर पडला आणि शाई पसरली.

"बाबा," तो बाहीनं डोळे पुसत म्हणाला, "खरंच हो, डोळे भरून आले!"

सासऱ्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं छापखानेवाल्याकडे पाहिलं. छापखानेवाला छताकडे बघू लागला.

"हो, हो, माहीत आहे," सासरे म्हणाले. "पुढचं घ्या."