‘येतो’ म्हणाले काका

"कालव्याकाठी माणूस हरवूच शकत नाही!" चारुदत्त नाडकर्णींनी टेबलावर हात आपटून जाहीर केलं. "एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला झाडं. जायचं तर पुढे, यायचं तर मागे. तिसरी दिशाच नाही! शेंबडं पोरसुद्धा पोचेल!"

टेबल वेस्ट विंडसरच्या त्यांच्या स्वयंपाकघरातलं. श्रोते दोनच. एक त्यांची बायको कांचन आणि दुसरी होणारी सून केया. केया जन्मली टेक्सासमध्ये, वाढली टेक्सासमध्ये, आणि आता त्यांच्या मुलाशी, ईशानशी लग्न ठरल्यापासून जिद्दीनं मराठी शिकत होती. जवळ एक पिवळी वही. कानावर पडलेला प्रत्येक शब्द त्या वहीत, समोर अर्थ. चारुदत्तांनी तिच्यासाठी घरात फर्मान काढलं होतं: केयाशी इंग्लिशमध्ये बोलायचं नाही. काहीही झालं तरी नाही!

तर मुद्दा फ्रान्सचा. चाळीस वर्षं सांडपाण्याचे पाइप डिझाइन करून रिटायर झालेल्या चारुदत्तांनी ठरवलं होतं की आता जरा बऱ्या पाण्याच्या काठाकाठानं हिंडायचं. मे महिन्यात दहा दिवस, फ्रान्समधले कालवे, नद्या, सायकल, दुपारी झाडाखाली चीज. दोन जागा बुकसुद्धा झाल्या होत्या. फेब्रुवारीपासून ते नाश्त्याला रोज ‘बगेत’, म्हणजे तो लांबुडका फ्रेंच पाव, खात होते. पहिल्या दिवशी कांचननं विचारलं होतं, "कुठल्या बागेत?" त्यावर दोन दिवस अबोला होता.

"पण तुम्हाला झेपणार आहे का अहो?" कांचन म्हणाली. "गेल्या वर्षी मेलबॉक्सपर्यंत जाऊन आलात तर धाप लागली होती."

"मला? अगं, पुणेकराच्या रक्तात सायकल असते! तू तुझे गुडघे सांभाळ. हे बघ, शनिवारी आपल्या कालव्यावर रंगीत तालीम. वीस मैल. आणि नियम एकच. वाटेत ज्याला गाडीनं उचलून आणावं लागेल, त्याचं फ्रान्स कॅन्सल!"

नियम कुणासाठी केला होता ते उघड होतं. कांचननं सांगलीतलं कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता. तिनं फक्त "बरं" म्हटलं. ह्या बायकांच्या ‘बरं’ला घाबरावं, हे चारुदत्तांना लग्नाच्या चौथ्या वर्षीच कळायला हवं होतं.

शनिवारी निघाली वरात. चारुदत्तांच्या अंगात काळी घट्ट सायकलची चड्डी, हेल्मेटवर कशीबशी बसवलेली फ्रेंच टोपी आणि मागे कॅरियरला दोन हात लांब बगेत. चड्डीला खिसा नाही. म्हणून फोन केयाच्या पिशवीत आणि गाडीची किल्ली जानव्याला! पहिले पाच मैल मजेत गेले. किंग्स्टनला पोचल्यावर कांचन टॉयलेट शोधायला गेली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. चारुदत्तांच्या रक्तातली सायकल उसळ्या मारायला लागली.

"बरं केया, येतो मी!" म्हणाले, आणि पेडल मारून उत्तरेला गेलेसुद्धा.

आता तुम्ही-आम्ही काय समजू? गेले. ‘जातो’ म्हणू नये, अशुभ असतं, हे आपल्याला आईनं घासाबरोबर भरवलेलं. पण केयाच्या वहीत स्वच्छ लिहिलं होतं: येतो म्हणजे ‘आय ॲम कमिंग’.

कांचन परत आली. "काका कुठायत गं?"

"ही सेड ही इज कमिंग, काकू."

"असं होय! नक्की काहीतरी विसरले असणार. गेले असतील गाडीकडे परत." अडतीस वर्षांचा अनुभव होता, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. दोघी बाकावर बसल्या. अर्धा तास झाला. पाऊण झाला. कांचन बाकावरून उठली. "एवढा वेळ नाही लागत गं. पडले तर नसतील कुठे? तू थांब इथेच, मी बघून येते," म्हणून ती सायकलवर बसली आणि दक्षिणेला निघाली. म्हणजे नवरा उत्तरेला, बायको दक्षिणेला. तिसरी दिशा नव्हती ना, म्हणून दोघांनी मिळून होत्या तेवढ्या दोन्ही वापरल्या!

तिकडे पाच मैलांवर ग्रिग्स्टाउनच्या पुलापाशी चारुदत्त खुशीत बसले होते. "दमली वाटतं!" असं स्वतःशीच म्हणून त्यांनी फ्रान्समध्ये आपल्याला एकट्यालाच किती चीज मिळेल ह्याचा हिशेब मांडला. तास उलटला तेव्हा मात्र चुळबुळ सुरू झाली. शेजारी एक गोरे आजोबा गळ टाकून बसले होते. त्यांचा फोन मागून चारुदत्तांनी पाठ असलेला एकमेव नंबर लावला. स्वतःचा! केयानं उचलला.

"केया! कांचन कुठाय?"

काकांशी तरी केयाला मराठीतच बोलायचं होतं. फर्मान! तिनं शब्द जुळवले. "काकू... तुमच्याकडे... येतात."

"छान! मग मी ग्रिग्स्टाउनच्या पुलापाशीच आहे म्हणावं. बरं, ठेवतो हं."

"काय ठेवता, काका?"

"अगं, फोन!"

"कुठे ठेवता?"

चारुदत्त उत्तर देणार, तेवढ्यात मागून कुणीतरी फिस्सकन फुत्कारलं. वळून बघतात तर रानटी बदकांचा थवा! माना ताठ करून, माणसं असावीत तशी ती उभी, सगळ्यांचे डोळे बगेतवर. पुढारी बदकानं पंख पसरले. चारुदत्त एक पाऊल मागे सरले. तिथे कालवा होता.

"आई गं! मेलो! मेलो!"

धबाक! फोन गवतात पडला आणि बंद झाला.

केयानं वही उघडली. कालच भूतकाळ शिकून झाला होता. तो मेला, ती मेली, मी... मेलो. ‘आय डाइड’. बिचारीनं ताबडतोब इमर्जन्सीचा ९११ फिरवला.

"माय अंकल जस्ट टोल्ड मी ही डाइड."

"ही टोल्ड यू?" पलीकडची बाई म्हणाली.

"येस! ट्वाइस!"

त्यानंतर कांचनला फोन. कांचन तेव्हा पार्किंगमध्ये कुलूपबंद गाडीसमोर उभी होती. केया रडत रडत "काका... पाणी... ग्रिग्स्टाउन..." एवढंच बोलू शकली. ‘मेलो’ हा शब्द सासूला सांगण्याची हिंमत तिला झाली नाही. पण पाणी एवढंच कांचनला पुरलं. कसले गुडघे आणि कसलं काय! ती सायकलवर बसली आणि अशी सुटली की वाटेत चांगले तरणेताठे सायकलवाले तिला वाट देऊन बाजूला झाले. किंग्स्टनला केयाजवळ ती थांबलीसुद्धा नाही.

इकडे चारुदत्त कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. बुडण्याची शक्यता शून्य, पण काठावर बदकं, आणि आजोबा गळ सोडून केव्हाच पळालेले! बदकं बाहेर येऊ देईनात. बगेतचा फडशा चालला होता. एवढ्यात सायरन ऐकू आला. एक फायर ट्रक, पाठोपाठ एक ॲम्ब्युलन्स, आणि एका ट्रेलरवर चक्क बोट. दणकट अंगाची एक बाई उतरली. तिनं बदकांना हाकललं, चारुदत्तांना दंडाला धरून वर काढलं आणि चमचमत्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलं.

"मी ठीक आहे! आय ॲम फाइन!" चारुदत्त विनवत होते. "मला सायकलनं जाऊ द्या. गाडीत नको! प्लीज, गाडीत नको!"

"सर," ती गंभीरपणे म्हणाली, "यू वेअर रिपोर्टेड डेड. आय कान्ट लेट यू राइड अ बायसिकल."

रक्तदाब, नाडी, डोळ्यांत बॅटरी, फॉर्मवर फॉर्म. मेलेला माणूस जिवंत आहे हे लिहायला बराच वेळ लागतो. शेवटी त्यांना ट्रकमध्ये चढवताहेत, तोच पुलावरून कांचन आली. तोंड लाल, केस विस्कटलेले, चिखलानं माखलेली. तिनं सायकल तशीच टाकली आणि नवऱ्याचा हात गच्च धरला.

"अहो, गेलात असं वाटलं मला," ती म्हणाली आणि भर रस्त्यात, सगळ्या फायरवाल्यांसमोर रडली. ह्या बाईला आपण गुडघ्यांवरून बोललो, ह्याची चारुदत्तांना मनापासून लाज वाटली.

"चल ना, तूही चढ ट्रकमध्ये," ते हळूच म्हणाले.

कांचननं डोळे पुसले. हातातल्या मैल मोजणाऱ्या घड्याळाकडे पाहिलं. मग परत पाहिलं. पाच मैल किंग्स्टन, पाच मागे, दहा पुढे.

"वीस मैल!" ती म्हणाली. "अहो, मला जमलं की! आणि गुडघा दुखतसुद्धा नाहीये!" मग तिची नजर ट्रकवर गेली, ट्रकवरून नवऱ्यावर आली, आणि ती म्हणाली, "बरं."

मे महिन्यात चारुदत्त दोन बॅगा ढकलत एअरपोर्टवर उभे होते. एक कांचनची. दुसरी केयाची, कारण रिकामी झालेली जागा वाया का घालवायची? नियम म्हणजे नियम, आणि तो कुणी केला होता हे घरात रोज एकदा तरी निघत होतं.

"जपून राहा. डबे फ्रीजमध्ये आहेत," कांचन म्हणाली. "येते हं!"

आणि ती आत गेली. चारुदत्त काचेतून बघत राहिले. केया अर्ध्या वाटेतून धावत परत आली. वहीतलं एक पान तिनं काळजीनं त्यांच्यापुढे धरलं. जुना अर्थ खोडून नवा लिहिला होता.

"काका, इथे थांबू नका हं. ‘येते’ म्हणजे ‘जाते’!"

"मेलो!" चारुदत्त पुटपुटले.

ह्या वेळी कुणीही ट्रक बोलावला नाही.