थोरलं, धाकटं आणि गेनूआबा

शेळगावात गेनूआबांना "कसं काय, आबा?" असं विचारलं तर ते "बरंय" म्हणत नाहीत. ते म्हणतात, "थोरलं म्हणतंय एकशे बहात्तर. धाकटं म्हणतंय एकशे एकोणसत्तर. बगू आता."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा रक्तातली साखर सांगतोय. मी काळजीनं म्हटलं, "आबा, मग गोड बंद करा."

आबा माझ्याकडे बघतच राहिले. "गोळीला कशाचं गोड?"

"कसली गोळी?"

"बंदुकीची. सेकंदाला किती मीटर पळती, ते सांगतोय."

मी जागच्या जागी हादरले. वाढदिवसाला कमरेला पिस्तूल खोचून फोटो काढणारी पोरं मी पाहिली होती. त्यांच्याविरुद्ध पत्रक लिहून छापलंही होतं, आणि त्यातल्या दोघांच्या चुलत्यांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. पण सत्तरी उलटलेला, डोक्याला मफलर गुंडाळलेला माणूस, काखेत शेळीचा पाला घेऊन, एसटीच्या थांब्यावर बंदुकीच्या गोळीचा वेग सांगतो? अशा गोष्टी झाकून ठेवायच्या नसतात. मी त्याच पावली त्यांच्या मागे निघाले.

आबा मला त्यांच्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये घेऊन गेले. मुलानं कोंबड्यांचा धंदा बंद करून पुणं गाठलं, तेव्हापासून शेड रिकामी होती. आत एका टोकाला कागदी निशाण लावलेलं, दुसऱ्या टोकाला टेबल, आणि टेबलामागे दहावीतली एक मुलगी हवेच्या बंदुकीनं नेम धरून उभी. ही कोमल. वडील वांगी-टोमॅटो पिकवून इंदापूरच्या बाजारात नेतात. मुलगी रोज संध्याकाळी इथं येते, आणि आबा तिला नेमबाजी शिकवतात. माझं ठिणगी पडायच्या बेतात असलेलं लिखाण तिथंच विझलं. मी रागावून आले होते आणि आता रागवायला कुणी नव्हतं, ही फार वाईट अवस्था असते.

टेबलाच्या दोन्ही बाजूंना गोळीचा वेग मोजणारी दोन रडारची खोकी होती, एक थोरलं, एक धाकटं. आबा सैन्यात असताना गोळ्या तपासायच्या मैदानावर कामाला होते. गोळी सुटली की तिचा वेग मोजायचा, हीच त्यांची नोकरी. घर धनगराचं, लहानपण मेंढरांमागं गेलेलं. त्यामुळे रडार म्हणजे काय, हे त्यांनी मला मेंढरातूनच सांगितलं.

"हे खोकं हाळी देतंय. हाळी गोळीवर आपटून माघारी येती. त्यावरनं वेग कळतो. पर खोकं नीट गोळीच्या वाटंकडं तोंड करून पायजे. मेंढरू तुझ्याकडनं सरळ लांब पळालं तर त्याचा खरा वेग दिसंल. तू तोंड वाकडं करून बगितलंस तर कमी दिसंल. मेंढरू तेवडंच पळतंय. बगणारं वाकडं."

थोरलं खोकं त्यांनी बारामतीच्या एका बंद पडलेल्या क्लबातून आणलं होतं. धाकटं मुलानं पाठवलं. दिवाळीला येतो म्हणाला होता. तो आला नाही, खोकं आलं.

त्यांना मोजायचं वेडच होतं. वडगाव निंबाळकरच्या एका लग्नात थोरलं मांडीवर घेऊन ते पहिल्या रांगेत बसले आणि अक्षतांचा वेग मोजला. वर, भर मांडवात जाहीर केलं, "नवरीकडची मंडळी जोरात टाकत्यात. नवऱ्याकडच्यांचं ध्यान जेवणाकडं हाय." नवरदेवाचे मामा आजही त्यांच्याशी बोलत नाहीत. आबांना त्याचं काही नाही. "आकड्याला पाव्हणा-रावळा नसतो," म्हणतात.

पण खरा प्रश्न होता तो या दोन खोक्यांचा. गोळी एक, बंदूक एक, तरी आकडे दोन. खरं कोण?

आमच्याकडे दोन माणसं जमली की दोन पार्ट्या होतात, तशा इथंही झाल्या. दर रविवारी सकाळी शेडमध्ये बैठक भरायची. शिंदे गुरुजी थोरल्याच्या पार्टीचे. डेअरीचे सेक्रेटरी बापूराव धाकट्याच्या.

"गुरुजी, जुन्या मशीनचं काय सांगता? माझ्या डेअरीतलं जुनं फॅटचं मशीन म्हशीला गाय म्हणायचं!"

"मशीन नव्हतं म्हणत, बापूराव. तुमी म्हणायचा."

शेडचे पत्रे हलतील असं हसू व्हायचं. आबा पातेलंभर आल्याचा चहा टाकायचे आणि दोन्ही बाजूंना समान तेल ओतत राहायचे. "गुरुजींचं बी खरं हाय. पर बापूरावांचा मुद्दा बी सोडता येत न्हाय."

चाचणीचे नियम कडक. जमिनीवर चुन्याची रेघ. "रेघंच्या आत पाय टाकायचा न्हाय. पावलाची थरथर लागती." धूळ बसू नये म्हणून धाकट्यावर कोंबडीखाद्याची रिकामी गोणी, फक्त तोंड उघडं. आम्ही सेल बदलून पाहिले. दोन्ही खोक्यांच्या लहरी एकमेकांत मिसळतात की काय म्हणून एकेक करून चालवली. उजवं डावीकडे नेलं, डावं उजवीकडे. नेताना अर्थात आबाच नेणार. फरक तेवढाच. वहीत आकडे मी लिहायचे. चार महिने लिहिले. मापाच्या बाबतीत मी कडवी आहे. उसाचा काटा मारणाऱ्यांवर मी जे लिहिलंय, त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही.

म्हणूनच त्या रविवारी जे पाहिलं ते मला सहन होणारं नव्हतं.

मी ठरल्या वेळेआधी अर्धा तास पोचले. शेडच्या जाळीतून आत पाहिलं. आबा एकटेच होते. त्यांनी धाकट्यावरची गोणी उचलली, खोक्याचं तोंड हलक्या हातानं थोडं भिंतीकडे फिरवलं, मान तिरकी करून पाहिलं, अजून एक बोटभर फिरवलं. मग गोणी नीट घातली, मागं आले, आणि आपल्या पावलांनी पुसलेली चुन्याची रेघ वाकून पुन्हा ओढली.

बगणारं वाकडं!

चार महिने मी खोटे आकडे लिहीत होते. काटा मारणारा आणि हा म्हातारा यांच्यात फरक तो काय? मी बैठकीला न बसताच घरी आले. त्याच दुपारी पत्रक लिहायला घेतलं. पहिलं वाक्य झकास जमलं: 'माप वाकवणारा हात कुणाचाही असो, तो धरलाच पाहिजे.' दुसरं वाक्य सुचेना. कारण दुसऱ्या वाक्यात, त्यानं हे का केलं, ते लिहावं लागतं. यात आबांना मिळत काय होतं? आठवडाभर कागद तसाच राहिला.

पुढच्या रविवारी गेले ती सगळ्यांसमोर विचारायचंच, असं ठरवून. पण शेडमध्ये हसू नव्हतं. कोमल रडवेली होऊन उभी होती. येत्या शनिवारी तिची जिल्ह्याची स्पर्धा, आणि दोन दिवस तिच्या गोळ्या निशाणाच्या खाली लागत होत्या.

"बंदुकीतली हवेची झडपच गेली," बापूराव म्हणाले. "एकशे सत्तरच्या खाली आली म्हंजी झालं. धाकटं कवापासनं बोंबलतंय! आजच पुण्याला दुरुस्तीला धाडा."

"आठवडा लागेल तिकडं," गुरुजी म्हणाले. "स्पर्धा बुडेल पोरीची. थोरलं एकशे बहात्तर दाखवतंय ना? बंदुकीला काही झालेलं नाही."

"आन झालं आसंल तर? पोरगी शनिवारी तिथं जाऊन तोंडावर पडंल!"

दोघांचा आवाज चढला. कोमलनं दोघांकडेही पाहिलं नाही. "आबा," ती म्हणाली, "तुमी सांगा. धाडू का नको? तुमी सांगाल तसं."

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. आबांनी एकदा कोमलकडे पाहिलं, एकदा भांडणाऱ्या दोघांकडे, एकदा चुलीवरच्या पातेल्याकडे. मग ते उठले आणि चुन्याच्या रेघेवरून सरळ आत गेले. त्यांनी गोणी काढून लांब फेकली आणि धाकट्याचं तोंड सरळ केलं.

"मार."

कोमलनं गोळी मारली. थोरलं, एकशे बहात्तर. धाकटं, एकशे बहात्तर. परत मारली. परत तेच. दहा गोळ्या झाल्या.

"बंदूक ठणठणीत हाय," आबा म्हणाले. "तू दम लवकर सोडतीयास, म्हणून गोळी खाली जाती. शनिवार पत्तूर दमावर काम करायचं. जा, तोंड धू."

कोमल हसली, डोळे पुसले आणि धावतच हौदाकडे गेली.

"म्हंजी वाकडं हुतं व्हय धाकटं?" बापूराव म्हणाले.

"व्हय. वाकडं हुतं."

"हात् तिच्या! एवड्याशासाठी चार म्हैने भांडलो!" बापूराव खदखदून हसले. गुरुजींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मिटलं एकदाचं, म्हणत दोघं उठले. गुरुजींना पाणी धरायचं होतं, बापूरावांना डेअरीचं काहीतरी होतं. चार महिने रविवारी कुणालाच काही काम नसायचं.

"चा टाकलाय," आबा म्हणाले.

"पुन्हा कवातरी येऊ की, आबा!" मोटारसायकली सुरू झाल्या, रस्त्याला लागल्या. कोमलही वडिलांबरोबर गेली. आबा दारात उभे राहून आवाज विरेपर्यंत ऐकत होते.

मग आत आले. दोन कप भरले, एक माझ्यापुढे सरकवला.

"त्या दिशी जाळीतनं बगितलंस तू."

"तुम्हाला कळलं होतं?"

"मग? आठ दिस वाट बगितली. म्हटलं, आता ही छापती गावभर."

"लिहायला घेतलं होतं, आबा. पुढं गेलं नाही."

आबांनी कप खाली ठेवला. रिकाम्या खुर्च्यांवरून त्यांची नजर सावकाश फिरली.

"छापायचं हुतंस," ते म्हणाले. "शिव्या द्यायला का हुईना, मानसं आली असती."