सोळाव्या सोमवारचा निरोप

वनमालाबाईंच्या मौनाचा आज सोळावा सोमवार. मुलाचं, अनिरुद्धचं लग्न जमावं म्हणून धरलेलं व्रत. दिवेलागणीपर्यंत तोंडातून एक शब्द गेला, तर पुन्हा पहिल्या सोमवारपासून सुरुवात. दुपारी त्या चुरम्याचे लाडू वळत होत्या आणि वरच्या मजल्यावरची शर्मिष्ठा मदतीला येऊन समोर पाय पसरून बसली होती. एवढ्यात वनमालाबाईंचा मोबाइल वाजला. शर्मिष्ठाने तो उचलून पाहिला.

"सोसायटीच्या ऑफिसचा मेल आलाय गं. ऑडिओ फाइल आहे. तू कमिटीत ना? लावू?"

वनमालाबाईंचे हात तुपाने कोपरापर्यंत माखलेले. त्यांनी मान हलवली.

चारकोपच्या त्या सोसायटीत ऑफिस बंद असताना आलेला निरोप फोनवर रेकॉर्ड व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी कमिटीतल्या सगळ्यांना मेलने जायचा. ही सोय मागच्याच महिन्यात मंजूर झाली होती. तेव्हाही वनमालाबाईंनी अशीच मान हलवली होती. समजलं काहीच नव्हतं.

"हॅलो? कोणी आहे का?" फोनमधून वनमालाबाईच बोलू लागल्या. "बरं, नसू दे. मी तीनशे दोनमधली वनमाला. वरच्या शर्मिष्ठाला जरा समज द्या. कुंड्यांना घातलेलं पाणी सगळं माझ्या साड्यांवर..."

वनमालाबाई झेपावल्या. तुपाचं बोट पडद्यावरून नुसतंच घसरलं. दुसरं घसरलं, तेव्हा आवाज मोठा झाला.

"...आणि माझं नाव घेऊ नका हं. तिच्यापुढे मी गोडच बोलते. बाई फार तोंडाळ आहे."

फाइल संपली.

"मी तोंडाळ?" शर्मिष्ठा म्हणाली. "बोल ना आता!"

वनमालाबाईंनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं, कान पकडले, हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ घट्ट मिटलेले. मैत्री गेली तर परत जोडता येईल. सोळा सोमवार कुठून आणायचे?

शर्मिष्ठा उठली. दारापर्यंत गेली. तिथे तिला काहीतरी सुचलं आणि ती परत येऊन मांडी ठोकून बसली.

"म्हणजे दिवेलागणीपर्यंत तू बोलणार नाहीस. झकास! मग ऐक. हळदीकुंकवाला त्या शेजारच्या चेतनाला स्टीलचा डबा आणि मला दरवर्षी प्लास्टिकची गाळणी? माझी पुरणपोळी खाऊन काय म्हणालीस? 'बरी आहे.' बरी! आणि माझ्या सुनेला..."

साडेतीन तास लागले. मधे एकदा ती पाणी प्यायला थांबली, तेही वनमालाबाईंनीच आणून दिलं.

शेवटी निरांजन लागलं, नैवेद्य झाला, व्रत पुरं झालं.

"शर्मिष्ठा, चुकलंच गं माझं," वनमालाबाई म्हणाल्या.

"सोड गं!" शर्मिष्ठाचा चेहरा नुकताच तापातून उठल्यासारखा हलका झाला होता. "आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं पूर्ण ऐकून घेतलं. आमच्या घरी दोन वाक्यं बोलू देत नाहीत. ए, एकवीस सोमवार कर ना. मी येत जाईन."

"अगं, पण..."

"बघ! लागलीस मधे बोलायला."