आठ्या आणि मायकेलचा सरस

कपाळावरच्या आठ्या सुईशिवाय, डॉक्टरशिवाय, घरच्या घरी घालवता येतात, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो. माझ्या गेल्या! त्यांच्याबरोबर आणखीही थोडं काही गेलं, पण ते ओघात येईलच.

साल त्रेचाळीस. मी भाईंदरला एका शेठच्या मिठागरावर कारकून होतो. मिठागरावर सावली म्हणाल तर फक्त आपली स्वतःची. फेब्रुवारीच्या उन्हात त्या पांढऱ्याफेक राशी अशा झळाळतात की डोळे उघडे ठेवणं म्हणजे सूर्याशी कुस्ती. दिवसभर डोळे बारीक करून गोणी मोजायच्या. वर्षानुवर्षं हेच केल्यावर काय होणार? भुवयांच्या मधोमध दोन उभ्या खाचा पडल्या आणि वर कपाळभर नांगरट झाली. मी कितीही खुशीत असलो तरी समोरच्याला वाटायचं, याच्या पायावर आत्ताच कोणीतरी पाय दिलाय. लग्नाच्या फोटोतसुद्धा मी फिर्याद द्यायला आल्यासारखा दिसतो!

माझं काही अडत नव्हतं हो. अडलं ते मथुराचं. मथुरा माझी धाकटी बहीण. वडील गेल्यावर तिचं लग्न जमवणं माझ्याकडे आलं. आगाशीचं स्थळ बघून गेलं आणि निरोप आला, ‘मुलगी छान आहे, पण भाऊ तापट दिसतो.’ मग विरारचं आलं. त्यांचा निरोप, ‘आम्ही दुसऱ्यांदा पोहे मागितले, तेव्हा मुलीच्या भावाने ज्या नजरेनं बघितलं, त्यावरून हे घर आम्हाला झेपायचं नाही.’

“मी तापट?” मी म्हणालो. “मी?”

“अहो, ओरडू नका,” आमची हौसा म्हणाली.

“मी ओरडत नाहीये!”

“मग कपाळ तरी ओरडू नका.”

मथुरा चूल फुंकत बसली. पण धूर नसतानाही तिचे डोळे लाल होते, ते मी बघितलं. त्याच दिवशी ठरवलं. रविवारी वसईचं स्थळ येणार होतं. मुलगा जयकुमार, शाळेत मास्तर. रविवारच्या आत आठ्या साफ!

स्टेशनजवळच्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, “मुंबईला बड्या लोकांचे डॉक्टर पातळ मेण सुईने कपाळात टोचतात म्हणे.”

कपाळात सुई! मला लहानपणी देवीची लस टोचली तेव्हा चौघांनी धरलं होतं, आणि त्यातला एक शेवटपर्यंत माझ्याशी बोलला नाही, कारण मी त्याला चावलो होतो. मी डॉक्टरला नमस्कार घातला आणि घरी आलो.

घरी लुईझाबाई बसली होती. लुईझाबाई उत्तनची. आमच्याकडे अंडी आणि सुके बोंबील घेऊन यायची. तरुणपणी वांद्र्याला एका गोऱ्या मडमेकडे आया होती. त्यामुळे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर तिच्याकडे मडमेचा इलाज होता.

“सुई कशाला पायजे?” ती म्हणाली. “आमची मडम काय करायची, ठाव हाय? अंड्याचा पांढरा कपाळाला फासायची नि वरती कापडाची पट्टी, कडक. आठी पडली का पट्टी खेचते. खेचली का समजते. समजली का कपाळ सैल सोडायचा. मडमचा कपाळ कसा होता, आरशावानी!”

बघा, किती शास्त्रशुद्ध! मी लगेच अंडं फोडलं.

पण मडम पंख्याखाली बसायची आणि मी मिठागरावर. घामाने पट्टी घसरून नाकावर आली, नाकावरून मिशीवर आली आणि दुपारी भाकरीच्या घासाबरोबर मी ती अर्धी खाल्ली. हौसा म्हणाली, “सोडा आता हा नाद.” मी? मनावर घेतलेली गोष्ट मी सोडणार?

खाडीवर मायकेल होड्या बांधायचा. त्याच्याकडे गेलो. आता कपाळाचं कसं सांगायचं? लाज वाटली.

“मायकेल, कापड पक्कं बसेल असं काही आहे का रे?”

“कशावर बसवाचा?”

“लाकडावर.”

“लाकूड कसला हाय?”

“जुनं आहे. जरा भेगा पडल्यात.”

“पानी लागंल?”

“दमट जागा आहे खरी.”

त्याने डब्यातून सरस काढून दिला. जनावरांची हाडं-कातडी उकळून करतात तो, काळपट, उग्र वासाचा. “ऊन करून लाव. माझी होडी फुटंल, पन सांधा सुटाचा न्हाय!”

मी खूश. शुक्रवारी सकाळी सरस कोमट केला, दोन्ही भुवयांच्या वरून ऐसपैस फासला आणि वर हौसाच्या जुन्या लुगड्याची पट्टी दाबून बसवली. वाळल्यावर आरशात बघितलं आणि मीच मला ओळखलं नाही! कपाळ कसं, नुकतं सारवलेलं अंगण. आठी घालू म्हटलं तरी पडेना!

संध्याकाळी पट्टी काढायला गेलो, तर पट्टीही निघेना.

कोमट पाण्याने भिजवून बघितली. खोबरेल चोळलं. हौसाने एक टोक धरून ओढलं तर माझं सगळं डोकं तिच्या मागे मागे स्वयंपाकघरापर्यंत गेलं. कडेने कातडी लाल झाली, आग व्हायला लागली, म्हणून तिने वर हळद लिंपली. मग शनिवारी सकाळी तिला वाटलं, कपड्याच्या साबणाने जमेल. हळदीवर साबण पडल्यावर काय होतं, हे बायकांना माहीत असतं, पण त्या गडबडीत तिच्या लक्षात आलं नाही. पट्टी लालभडक झाली! ओघळ उतरले थेट गालापर्यंत.

मिठाच्या गोणी होडीत चढवायच्या होत्या, त्यामुळे कामावर न जाऊन चालणार नव्हतं. निघालो तसाच.

आता त्या दिवसांत बेचाळीसच्या चळवळीची धग अजून होती. कुठे सभा, कुठे लाठीमार, रोज काही ना काही कानावर यायचं. अशा वेळी कपाळाला रक्ताळलेली पट्टी बांधून माणूस रस्त्याने चालला, तर लोक काय समजणार?

“कारकून, लाठी लागली का?” मिठागरावरचा मुकादम धावत आला.

“नाही रे बाबा! हळद आहे.”

“बराबर! कोन इचारला तर हळदच सांगाची!” त्याने डोळा मारला.

“अरे, खरंच हळद आहे!”

“आमी कोनाला बोलनार न्हाय.”

आणि तो सगळ्या मिठागराला बोलला! गोणी उचलणारी माणसं मला वाट करून द्यायला लागली. एका म्हातारीने माझ्या पायाला हात लावला. मी कळवळून सांगतोय, “आजी, आठ्या घालवायला लावलीय हो,” आणि ती डोळे पुसत म्हणते, “कसा हासून सांगतोय पोर! दुखना पन दावत न्हाय!”

शेठ तेवढ्यात आला. मला बघून त्याचं धोतरच सैल झालं.

“अरे गोवर्धन! तू चळवळमदी कवा गेला? माज्याकडे परवाना हाय सरकारचा! मला मारते काय?”

“शेठ, मायकेलचा सरस आहे हा.”

“मायकेल पण हाय त्यात?” शेठ खाली बसला. “जा बाबा, घरी जा. तू इथं आला नाय, मी तुला बगितला नाय!”

चिडून चिडून मी रडकुंडीला आलो होतो. आणि चीड चेहऱ्यावर दिसेना! कपाळ गुळगुळीत. जो तो म्हणे, केवढी शांत वृत्ती!

रविवार उजाडला. पट्टी जागेवरच. जयकुमार आणि त्याचे आईवडील आले. वडील, बाळकृष्णराव, खादीचा सदरा घातलेले, आणि कपाळावर माझ्यापेक्षाही दणदणीत आठ्या. स्टेशनापासून आमच्या घरापर्यंत येताना त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“कुठे लागली?” त्यांनी हळूच विचारलं.

“लागली नाही हो, चिकटलीय.”

“वा!” ते बायकोकडे वळले. “ऐकलंस? याला म्हणतात विनय!”

मथुरा पोहे घेऊन आली, मान खाली घालून बसली. बाळकृष्णरावांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते माझ्या कपाळाकडे देवळात बघावं तसं बघत होते. “अशा घरातली मुलगी डोळे झाकून करावी,” ते म्हणाले.

खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं, की गप्प बसावं. जमतंय ना? जमू दे! मथुराने तेवढ्यात एकदाच वर बघितलं. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड दिसत होता. मी पोह्यांचा घास घेतला आणि गप्प बसलो.

आणि दारात हवालदार!

“लाठी खाल्लेला कारकून कोण?”

मी घास गिळायच्या आत बाळकृष्णराव उठून उभे राहिले. “हे आमचे होणारे व्याही आहेत. न्यायचं असेल तर आधी मला न्या!”

“तुम्हालाही नेतो,” हवालदार शांतपणे म्हणाला. “काय रे, कुठल्या सभेत होतास?”

आता बोला! गप्प राहावं तर मी आणि बहिणीचा सासरा, दोघांची वरात एकदम निघणार. बोलावं तर लग्न मोडणार. मी मथुराकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं. आठ्या, मेणाची सुई, मडम, अंडं, सरस, हळद, साबण.

हवालदाराने सगळं ऐकून घेतलं.

“सरकारी माणसाची थट्टा करतोस?” म्हणाला. “बघू जखम!” आणि काही कळायच्या आत त्याने पट्टीचं टोक धरून हिसडा दिला.

चर्रर्र!

पट्टी निघाली. हौसा किंचाळली. हवालदाराने पट्टी उलटी करून बघितली आणि एकदम दूर धरली, कारण तिच्यावर माझ्या दोन्ही भुवया जशाच्या तशा बसल्या होत्या.

कपाळावर जखम नव्हती. आठ्याही नव्हत्या. काहीच नव्हतं! सोललेल्या अंड्यासारखं कपाळ, आणि खाली माझे दोन डोळे. हवालदाराने एकदा कपाळाकडे बघितलं, एकदा पट्टीकडे. मग पट्टी माझ्या हातात ठेवून म्हणाला, “सांभाळा,” आणि निघून गेला.

बाळकृष्णराव सावकाश खाली बसले. “म्हणजे तुम्ही लाठी खाल्लीच नाही?”

“नाही.”

“थोडीसुद्धा?”

“नाही हो!”

“आमचा मुलगा मॅट्रिकला शाळेत पहिला आला होता,” ते कोरडेपणाने म्हणाले. आता उठायचं म्हणून काहीतरी बोलायचं, तसं. मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. ते भडकले. “एवढं आश्चर्य वाटायला काय झालं? खोटं वाटतं तुम्हाला?”

“मला आश्चर्य वाटत नाहीये! माझा चेहराच आता असा झालाय!”

तेवढ्यात फुस्स असा आवाज आला. मथुरा! तोंडावर पदर दाबून बसली होती बिचारी, पण कुठवर दाबणार? जी हसत सुटली, जी हसत सुटली, की पोह्यांची ताटली कलंडली. मी म्हटलं, संपलं! आता हेही स्थळ गेलं! मुलीने बघायला आलेल्या माणसांसमोर असं खदखदून हसायचं?

पण जयकुमारही हसायला लागला. आधी मास्तरांसारखा, बेताने. मग मथुराकडे बघून पोट धरून. दोघंही थांबेनात. एक जरा थांबलं की दुसरं माझ्याकडे बघायचं आणि पुन्हा सुरू!

“बाबा,” तो डोळे पुसत म्हणाला, “मला मुलगी पसंत आहे.”

“अरे, पण हा भाऊ...”

“भाऊसुद्धा पसंत आहे!”

बाळकृष्णराव आठ्या घालून बसून राहिले. इतक्यात त्यांच्या पत्नी उठल्या, हौसाचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या आणि खुसुखुसु काहीतरी बोलायला लागल्या.  बायकांनी आत जाऊन बोलणं म्हणजे मोडण्याचीच बोलणी!

हौसा बाहेर आली ती ओठ चावत.

“काय म्हणाल्या?” मी घाबरत विचारलं.

ती माझ्या कानाशी आली. “विहीणबाई व्याह्यांच्या कपाळासाठी इलाज विचारताहेत. पण म्हणाल्या, भुवया राहतील असं काहीतरी सांगा.”

मी अंड्याचा पांढरा सांगितला. मायकेलचं नाव काढलं नाही. नातं नवीन होतं!